जसं बोलले तसं

त्या कवीचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला नावाची फार हाव होती, आणि ती माझ्या लिखाणातून भागावी अशी माझी इच्छा नाही. भाकरीवरची त्याची एक लांबलचक कविता तेव्हा गाजत होती, म्हणून आमच्या घरात त्याला 'भाकरीवाले' म्हणत. तेच नाव इथेही पुरेल. इतकी वर्षं गेली, माझे केस पांढरे झाले, जिना चढताना कठडा धरावा लागतो, पण त्या माणसाविषयी माझ्या मनात काहीही निवलेलं नाही. निवावं असं मला वाटतही नाही.

आम्ही जबलपुरात कांचघरला राहायचो. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीत आईची चूल. बाबा फॅक्टरीत फिटर होते. ते भंडाऱ्याकडून इथे नोकरीला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. मग राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. बाबा हसून म्हणायचे, "आमी कुठी गेलो नाही बाप्पा, सरहद्दच सरकली." सकाळी भोंगा व्हायचा, गल्लीभर सायकलींच्या घंट्या वाजायच्या, रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांवर आदळायचे, आणि शेजारच्या तिवारी काकू भिंतीपलीकडून "अरी सुजाता की अम्मा, आग है क्या?" म्हणून विस्तव मागायच्या. दाराबाहेर सगळी हिंदी होती. दाराच्या आत मराठी होती, आणि मराठी म्हणजे आईची मराठी. 'काहून', 'करून राहिलो', 'थंडं होऊन राह्यलं'. बाई असून ती स्वतःविषयी बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणायची, तिच्या गावाकडे सगळ्याच बायका म्हणतात तशी. याहून वेगळी मराठी असते हे तिला ऐकून ठाऊक होतं, पण ती मराठी आपल्यापेक्षा वरची आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती सारखी बोलायची. चुलीशी बोलायची, न भिजलेल्या डाळीवर चिडायची, दूधवाल्या भैयाशीसुद्धा मराठीत भांडायची आणि तो हिंदीत उत्तरं द्यायचा. इथे बाजारात सगळीकडे गहू, चांगली ज्वारी मिळायची मारामार. म्हणून नागपूरहून कोणी येणार असलं की आई त्याला ज्वारी आणायला सांगायची. ती आली की पडवीत भाकरीची थपथप सुरू व्हायची आणि त्या ठेक्यावर आईचं बोलणं. माझ्या कानांना भाषेची पहिली लय तिथेच लागली. पुढे वृत्तं शिकले, मात्रा मोजायला शिकले, ते सगळं त्या थपथपीवर चढवलेलं होतं.

जबलपुरातल्याच गोरखपूर भागात मराठी मंडळ होतं. वर्षातून एकदा मंडळाचा अंक निघायचा आणि त्याचे संपादक होते नाईककाका, निवृत्त शाळामास्तर, बारीक आवाजाचे आणि कोणालाही न घाबरणारे. मी कॉलेजात हिंदी साहित्य शिकत होते आणि मंडळाच्या कपाटातली मराठी पुस्तकं एकामागून एक घरी नेत होते. काकांनी ते पाहून माझ्यावर काम सोपवलं. जबलपुरात जो कोणी कवी येईल, मराठी असो वा हिंदी, त्याच्याशी त्याच्या कवितेबद्दल बोलायचं, ते मंडळाच्या टेपरेकॉर्डरवर घ्यायचं आणि उतरवून अंकाला द्यायचं. पहिली मुलाखत मी ऐकली तशी उतरवून नेली. काकांनी दोन पानं वाचली आणि चष्मा काढला. "सुजाता, हे असं कोणीच छापत नाही. माणूस बोलताना अडखळतो, तेच ते बोलतो, वाक्य अर्धं सोडतो. तू, मी, सगळेच. मुलाखत घेणाऱ्याने ते पुसायचं असतं. त्याला जे म्हणायचं होतं ते लिहायचं. ही त्याची अब्रू आहे आणि ती तुझ्या हातात आहे." मी ते मनापासून पाळलं. कवींच्या मुलाखतीत दिसणारी ती सुरेख, गोळीबंद वाक्यं कोणाच्या हातची असतात हे तेव्हापासून मला ठाऊक आहे.

त्या बोलण्यांतून मी जे शिकले ते मला कोणत्याही वर्गात मिळालं नाही. बँकेत काम करणारे एक कवी म्हणाले, यमक म्हणजे सायकलची घंटी, ती वाजवतच बसलं तर सायकल चालवायची राहून जाते. बालाघाटच्या एक शिक्षिका होत्या, त्या नवी कविता आधी शेजारणीला गप्पा मारल्यासारखी सांगत. शेजारीण "मग?" म्हणाली तर ओळ राहायची, आणि मध्येच भांडी घासायला उठली तर ओळ जायची. मी विचारलं, "त्या बाईंना कळतं का, ही कविता आहे ते?" त्या म्हणाल्या, "कळलं तर ती उठायची नाही ना, भिडेखातर बसून राहील." असली माणसं. त्यांची वाक्यं साफसूफ करताना मला त्यांचे पाय दाबल्यासारखं वाटायचं.

आणि मग भाकरीवाले आले. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला त्यांना बोलावलं होतं. मंडळाचे अध्यक्ष दाते वकील त्यांना आपल्या बंगल्यावर उतरवणार होते, पण यांनी आधीच कळवलं की मला बंगला नको, मला कामगाराच्या घरी ठेवा. दाते वकिलांच्या ओळखीतला कामगार म्हणजे माझे बाबा. बाबांनी घराला चुना काढला, नवी चादर आणली, आणि एक मोठा कवी आमच्यासारख्यांच्या घरी मुक्कामाला येतो आहे हे फॅक्टरीत ज्याला त्याला सांगितलं. पाहुणा तीन दिवस राहिला. आईने ठेवणीतली ज्वारी काढली. वांग्याची भाजी, झुणका, जवसाची चटणी, वर कच्चा कांदा. तो पाटावर बसून बोटं चाटत जेवला. शेवटच्या दिवशी जेवणानंतर बाबांनी आग्रह केला म्हणून त्याने ती कविता म्हटली. भाकरीत सूर्य होता, चंद्र होता, क्रांती होती. आई परातीपाशी बसून नीट ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "भाकरीवर एवढं लिवलं, भाऊ, पन थापली कोनं?"

त्याला आधी कळलंच नाही. आईने समजावलं, "न्हाई, म्हंजे सूर्य हाये, चंद्र हाये, खानारा हाये. पन थापनारी कुठी दिसून नाही राह्यली." तो खूप हसला. "वा, वा, माउली," म्हणाला. बाबाही हसले. मी हसले नाही, कारण तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की इतक्या मुलाखतींत मी कोणत्याही कवीला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

दिवाळीत एका नावाजलेल्या अंकात त्याचा लेख आला, 'सरहद्दीपलीकडची मराठी'. बाबांनी अंक विकत आणला आणि आईला समोर बसवून मोठ्याने वाचायला घेतला. पहिला परिच्छेद त्यांनी ताठ मानेने वाचला. दुसऱ्यात त्यांचा आवाज उतरला, आणि मग ते नुसते पानाकडे बघत राहिले. आई म्हणाली, "वाचा ना जी, काहून थांबले?" मी अंक हातात घेतला आणि पुढचं वाचलं. ते मी वाचायला नको होतं असं मला कधीकधी वाटतं, पण आई ऐकल्याशिवाय उठली नसती. त्यात आमचं घर होतं, आमची मोरी होती, आणि आई होती. तिचं एकेक वाक्य जसंच्या तसं अवतरणात घातलं होतं. 'ही बाई स्वतःला पुरुष समजते की काय, असे वाटावे असे तिचे व्याकरण.' 'मराठी इथे जगत नाही, धापा टाकते.' आणि शेवटी हे: '"भाकरीवर एवढं लिवलं, भाऊ, पन थापली कोनं?" असे त्या माउलीने मला विचारले. असल्या श्रोत्यांपुढे कवीने कविता वाचावी की पोळपाट-लाटणे घेऊन बसावे?'

आईने विचारलं, "हे मी बोलली?" मी म्हटलं, हो. "आन लोकं हासतीन हे वाचून?" मी अंक मिटला. ती उठली आणि पडवीत गेली. त्या दिवशी भाकरी झाली, पण तिच्याबरोबरचं बोलणं झालं नाही.

लोक हसले. मंडळाच्या बायका तर फारच हसल्या. पुढच्या कार्यक्रमात दाते वकिलांच्या पत्नीने चारचौघींत आईला विचारलं, "काय हो, आज भाकरी कोणी थापली?" आणि त्या सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. आई त्यानंतर मंडळात गेली नाही. तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण तिने बाहेरच्या कोणाशीही मराठी बोलणं सोडलं. नागपूरहून आमचे पाहुणे आले तरी ती दारात उभी राहून म्हणायची, "आइए जी, बैठिए." मोडकीतोडकी हिंदी, पण तीच. घरात माझ्याशी बोलतानाही शब्द उच्चारण्याआधी ती तो तपासून बघायला लागली. 'मी येतो' म्हणता म्हणता थांबायची, 'येते' म्हणायची, आणि मग स्वतःवरच चिडून गप्प बसायची. पन्नाशीच्या बाईला तिच्याच घरात आपली भाषा चोरट्यासारखी वापरताना मी पाहिलं आहे. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांनी मला क्षमेबद्दल काही सांगू नये.

मी त्या माणसाचं वाईट व्हावं असं ठरवलं. कसं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मी मुलाखती घेत राहिले. प्रश्न कसा सोडायचा, मग गप्प कसं राहायचं, समोरच्याला आपल्याच आवाजाची गोडी कशी लागते, हे सगळं मी शिकत गेले. काका म्हणायचे, तुझा हात बसला आता. हात कशासाठी बसवते आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

दोनेक वर्षांनी त्याचा नवा संग्रह आला. मंडळाच्या कपाटात तो आला तसा मी उभ्याउभ्याच उघडला. पहिल्याच कवितेत, जिचं नाव संग्रहाला दिलं होतं, शेवटच्या दोन ओळी होत्या: 'भूक विचारते भाकरीला, तुला थापलं कोणी?' परीक्षणं येत गेली. या एका प्रश्नाने मराठी कवितेची दिशा बदलली, असं कोणीतरी लिहिलं. मी ते परीक्षण कापून ठेवलं आणि वाट बघायला लागले. त्याच हिवाळ्यात मंडळाने त्याला सत्कारासाठी पुन्हा बोलावलं. या वेळी कामगाराच्या घराचा विषय निघाला नाही. तो सरळ दाते वकिलांच्या बंगल्यावर उतरला.

मी दुपारी टेपरेकॉर्डर घेऊन व्हरांड्यात गेले. त्याने मला ओळखलं नाही. तीन दिवस मी त्याला पाण्याचा तांब्या भरून दिला होता, आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही इथल्याच का? तुमची मराठी चांगली आहे हो." मी म्हटलं, "आपली कृपा." मग मी त्याला बोलतं केलं. प्रतिमा कशी येते, तुम्ही किती वेळा खोडता, लय आधी की शब्द आधी. तो खुर्चीत मागे रेलला. सगळे कवी अडखळतात, पण हा अडखळण्यातही रुबाब करायचा. मी त्या ओळीपाशी आले.

"ती ओळ आपल्याला कशी सुचली?"

"हं... म्हणजे बघा, ती ओळ ना... ॲक्च्युअली काय होतं, की... म्हणजे पहाट होती. मी नाशकात... नाही, नाशकात नाही, कुठेतरी होतो. आणि ती एकदम... आतून आली. काय असतं ना, काही ओळी ज्या असतात त्या... म्हणजे आतूनच येतात."

"कोणी बोललेलं कानावर पडलं होतं का?"

"छे, छे! ते... असं नसतं. कवी जो असतो तो लोकांकडून ओळी घेत नाही, उलट तो... म्हणजे लोकांना ओळी देतो."

मी गप्प राहिले. गप्प राहिलं की असा माणूस ती जागा भरतोच. तो हसला आणि म्हणाला, "आता बघा, मागे मी इथेच एका घरी राहिलो होतो. काय त्या बाईची भाषा! हसून हसून पुरेवाट. अशा लोकांकडून काय... म्हणजे काय घेणार कवी?" मी विचारलं, त्या बाई काय म्हणाल्या होत्या? तो म्हणाला, "आता आठवत नाही. काहीतरी... असंच बावळट." टेप फिरत होती.

घरी येऊन मी ती मुलाखत उतरवली, आणि त्यातला एक शब्दही पुसला नाही. प्रत्येक 'हं', प्रत्येक 'म्हणजे', प्रत्येक 'ॲक्च्युअली', सोडून दिलेली वाक्यं, खोकला, नाकाचा आवाज. मुलाखत संपली तिथे खाली दिवाळी अंकातल्या त्याच्याच लेखातला, आईच्या प्रश्नाचा तो परिच्छेद, अंकाच्या नावासह. माझ्याकडून शेरा नाही, टीप नाही. प्रेसमध्ये काकांनी कागद वाचले आणि चष्मा काढला. "हे असं छापायचं?" त्यांनी विचारलं.

"काका, माझ्या आईचं छापलं तेव्हा ते वास्तव होतं. लोक म्हणाले, काय अचूक कान आहे! माझा कान पण अचूक आहे."

काकांनी टेप मागून घेतली. दुसऱ्या दिवशी कागद परत दिले तेव्हा लाल शाईची एकच खूण होती. "इथे तो दोनदा खोकला आहे," ते म्हणाले. "तू एकदाच लिहिलंस. छापायचं तर नीट छापू."

अंक नागपूरला गेला, इंदूरला गेला, तिथून पुण्याला गेला. आमच्या अंकाची एवढी मागणी कधीच आली नव्हती. काव्यवाचनाला तो उभा राहिला की मागून कोणीतरी "हं... म्हणजे बघा" म्हणायचं आणि सभागृह हसायचं. एका ठिकाणी विद्यार्थ्यांनी "थापली कोनं?" असा गजर केला आणि त्याला कविता अर्ध्यावर सोडून बसावं लागलं, असं ऐकलं. मी ती बातमी आणणाऱ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकली. मला जिलबी खाल्ल्यासारखं वाटत होतं. हे लिहितानाही वाटतंय.

मंडळाने माझ्याकडून माफी घ्यावी, असा आग्रह त्याने दाते वकिलांना पत्र लिहून धरला. वकिलांनी मंडळाच्या सभागृहात बैठक बोलावली. मी निघाले तेव्हा आई पडवीतून हात पुसत आली आणि म्हणाली, "मी येतो." येते नव्हे, येतो. मी रिक्षा थांबवली.

सभागृह भरलं होतं. वकील उभे राहून मराठी भाषेचा अपमान, पाहुण्याचा विश्वासघात, मंडळाची अब्रू असं बरंच बोलले आणि शेवटी म्हणाले की सुजाताने पुढच्या अंकात लेखी माफी छापावी. मी तोंड उघडण्याआधी आई उठली. "रमाबाई, तुम्ही बसा," वकील म्हणाले. ती बसली नाही.

"वकीलसाहेब, पोरगी माफी नाही मांगनार," ती म्हणाली. "त्यानं माह्या घरी खाल्लं न माहं बोलनं छापलं. तवा तुमी समदे हासले. या बाया माह्या तोंडावर हासल्या. कोनं मले माफी मांगली? कोनी नाही. कोनं म्हनलं का भाषेचा अपमान झाला? नाही म्हनलं. आता त्याचं बोलनं छापलं. जसं बोलले तसं छापलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. तेबी हासन्यासारखंच हाये. मंग हासा ना. आता काहून चूप बसले?"

वकिलांच्या पत्नी खाली बघत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून नाईककाका खोकले. एकदा, आणि नीट थांबून पुन्हा एकदा. आधी एक तरुण फिसकन हसला, मग त्याच्या शेजारचा, आणि मग सगळं सभागृह असं हसायला लागलं की वकिलांना बैठक आवरती घ्यावी लागली. माफी छापली गेली नाही. परतताना आई रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडली, चांगली खणखणीत, मराठीत.

संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत ती कविता नव्हती. त्याला मिळेल मिळेल म्हणत होते तो पुरस्कार दुसऱ्या कोणाला मिळाला. मी त्याबद्दल कधी हळहळले नाही.

बऱ्याच वर्षांनी, आई गेल्यानंतर, तो मला नागपूरच्या एका संमेलनात भेटला. आता त्याने मला ओळखलं. म्हातारा झाला होता, हातात काठी होती. माझ्या टेबलापाशी येऊन चहाचा कप घेऊन बसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही माझं फार नुकसान केलंत. आता तरी दोन शब्द लिहा. चुकून तसं छापलं गेलं म्हणून लिहा. मी काय उद्या असेन, नसेन." त्याचा आवाज खरंच थरथरत होता. तो या वेळी एकदाही 'म्हणजे' म्हणाला नाही.

मी म्हटलं, "लिहीन. एक सांगा. तीन दिवस तुम्ही जिच्या हातचं जेवलात, तिचं नाव काय?"

त्याने छताकडे बघितलं. ओठ हलले, बहुधा दोन-तीन नावं तोंडात घोळवून पाहिली असावीत. काठी या हातातून त्या हातात घेतली. आजूबाजूला लोक कवितेवर बोलत होते, कोणीतरी जोरात हसत होतं. मी घाई केली नाही. माझा चहा संपेपर्यंत वाट बघितली, कप बशीत ठेवला आणि उठले.